भिवाकाकांचा आवाज

आमच्या घोडपदेवच्या चाळीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे लपत नसे, तसंच कुणाला काय दुखतंय हेही लपत नसे. त्यात मी नर्स झाले, म्हणजे तर मजल्याला आंदणच मिळालं. माझा पांढरा युनिफॉर्म गॅलरीतल्या दोरीवर दिसला की मी घरी आहे हे सगळ्यांना कळायचं, आणि मी पहिला घास तोंडात घालेपर्यंत कुणीतरी दारात एक्स-रे घेऊन उभं असायचं. जेवता जेवता मी तो ट्यूबलाइटसमोर धरून बघावा अशी अपेक्षा असायची. मला त्यातलं फारसं कळत नाही, हे मी परोपरीने सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही, उलट पोरगी शिकली तरी गर्व नाही असं माझ्या आईला सांगून जायचे. आई युनिफॉर्मला उकड्या तांदळाच्या पेजेचं पाणी काढून खळ करायची. बाजारची खळ तिला पटत नव्हती. त्यामुळे कापड पत्र्यासारखं कडक व्हायचं आणि वॉर्डात घाम आला की माझ्या अंगाला पेजेचा वास सुटायचा. माझ्याबरोबरच्या मुली हसायच्या. बाबा मिल बंद झाल्यापासून दारूखाना बंदराजवळच्या लोखंडाच्या गोदामात मुकादम होते, आणि तिकडे पत्रे उतरवल्याचा धडाम आवाज वारा असेल तर आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. आई न दचकता म्हणायची, बाबांचं काम चालू आहे.

भिवाकाका आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. माणूस काडीसारखा, मिलच्या फोल्डिंग खात्यात आयुष्य गेलेलं, मग एका दुकानाचा वॉचमन. पण आवाज असा की चाळीच्या खालच्या नळावर भांडण लागलं तर तिसऱ्या मजल्यावरून एका हाकेत थांबायचं. आमच्या मजल्यावर सगळीच तळकोकणातली घरं, त्यामुळे कुणाच्याही घरी काही महत्त्वाचं असलं की आधी गाऱ्हाणं घालायचं, आणि ते भिवाकाकांनीच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गाऱ्हाणं म्हणजे उभ्याने, मोठ्यांदा, चारचौघांसमोर देवाशी केलेलं बोलणं. एकाने बोलायचं आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरायचा. आमच्याकडे त्याचे दोन नियम होते. ज्याचं काम असेल त्याने नुसतं हात जोडून उभं राहायचं, बोलायचं दुसऱ्याने. आणि बोलणाऱ्याने काही झाकायचं नाही. आजार असेल तर आजाराचं नाव घ्यायचं, कोर्टाची केस असेल तर कुणी कुणाची भिंत ढकलली तेही सांगायचं. देवासमोर अर्धवट बोलणं म्हणजे त्याला फसवणं, असं काका मानत. माझ्या नर्सिंगच्या मुलाखतीआधी त्यांनी भरल्या गॅलरीत देवाला सांगितलं होतं, “ह्या चेडवाक गणितात मार्क कमी पडले, पण तिचो हात हलको असा, ता बघ रे म्हाराजा.” सगळा मजला ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण निवड झाली, हेही खरं.

त्यांचा आवाज बसला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. काका म्हणाले फ्रिजचं पाणी प्यायलो. मग म्हणाले काकीच्या फोडणीचा ठसका लागला. काकी हळदीचं दूध, ज्येष्ठमध, आल्याचा रस असं एकेक देत राहिली. त्या वर्षी गणपतीत त्यांचं गाऱ्हाणं मागच्या लोकांना ऐकू आलं नाही आणि ‘व्हय म्हाराजा’ पुढेमागे व्हायला लागलं, तेव्हा मला भीती वाटली. मी हट्टाने त्यांना परळला आमच्या हॉस्पिटलात नेलं. नळी घालून तपासलं, तुकडा काढून पाठवला आणि त्यांना मी काम करत होते त्याच वॉर्डात दाखल केलं. चाळीला वाटलं, आपलं माणूस आत आहे, आता चिंता नाही. मलाही तसंच वाटत होतं.

रिपोर्ट आला त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी काकांच्या मुलाला, अनंतला, कॉरिडॉरमध्ये बोलावलं. मी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन बाजूलाच होते. अनंत माझ्याच वर्गातला, महापालिकेच्या एकाच शाळेत आम्ही शिकलो होतो, आणि तो एका ऑफिसात नुकताच लागला होता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. स्वरयंत्र पूर्ण काढलं तर माणूस चांगला जगण्याची आशा आहे, पण आवाज कायमचा जाईल आणि श्वासासाठी गळ्याला छिद्र राहील. अनंतने पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे बाबांना सांगावंच लागेल का? डॉक्टर म्हणाले, ते तुम्ही घरच्यांनी ठरवा, आवाज जाणार हे ऐकून लोक पळून जातात आणि मग गळा बंद झाल्यावर परत येतात. डॉक्टर वाईट नव्हते. तेव्हा सगळीकडे हीच पद्धत होती. नातेवाइकांनी एक शब्द ठरवायचा आणि आम्ही सगळ्यांनी तोच वापरायचा. काकांसाठी शब्द ठरला ‘गाठ’. गाठ काढायची आहे, छोटी आहे, घाबरायचं काही नाही. सही अनंतने केली.

आज हे सांगितलं की मी शिकवते त्या नर्सिंग कॉलेजच्या मुली डोळे विस्फारतात. आता पेशंटशी बोलल्याशिवाय, त्याची स्वतःची सही घेतल्याशिवाय असं ऑपरेशन होत नाही, निदान होऊ नये. पण माझ्या नातेवाइकांत गेल्या वर्षीच एका बाईंना त्यांच्या आजाराचं नाव कुणी शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि त्या हॉस्पिटलात सगळे फॉर्म जागच्या जागी होते. तेव्हा मुलींनी फार नाकं मुरडू नयेत असं माझं मत आहे.

अनंतने मला पाण्याच्या नळापाशी गाठलं. त्याला माझा स्वभाव माहीत होता, मला तोंड दाबून बसणं जमत नाही.

“नंदा, प्लीज, तू मध्ये पडू नको. बाबा आवाजाचं ऐकतील ना, तर चादर फेकून घरी येतील. मला बाप पाहिजे यार. बोलला नाही तरी चालेल, समोर बसलेला पाहिजे.”

मी म्हटलं, त्यांचा गळा आहे अनंत. तो म्हणाला, माहीत आहे मला. मग त्याने तोंडावर पाणी मारलं आणि वडिलांजवळ जाऊन हसून बसला. त्याची दया आली आणि रागही आला. रागाचं कारण असं, की तो मला जे सांगत होता त्यात मला खोट काढता येत नव्हती.

आमच्या इन्चार्ज परेरा सिस्टर म्हणजे वॉर्डाचा कणा. त्यांना मी म्हटलं, काकांनी मला विचारलं तर मी काय सांगू? त्या औषधाच्या कपाटाला कुलूप लावत म्हणाल्या, डॉक्टरला विचारा म्हणून सांग, नर्सचं काम तेवढंच. मी म्हटलं, पण ते खोटं आहे. त्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

“तू खरं सांगून मोकळी होशील. मग तो घरी गेला आणि श्वास अडकून मेला, तर ते कोण बघणार? तू? तुझी शिफ्ट संपलेली असेल.”

घरी मी सगळं बोलून दाखवल्यावर बाबांनीही तेच सांगितलं, फक्त आवाज चढवून. लोकांच्या घरात नाक खुपसू नको, उद्या काही झालं तर शेजारी तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं, माझ्या आवडीचं, तिरफळं घालून. मी नुसता भात चिवडत बसले. तेवढ्यात काकी आली. हॉस्पिटलातून येऊन आंघोळ करून आली होती, केस ओले. तिला अनंतने काहीच सांगितलेलं नव्हतं, कारण काकीच्या पोटात काही राहत नाही असं सगळ्यांचं मत. ती उंबऱ्यावर टेकली आणि ऑपरेशननंतर पातळ पेज चालेल की तांबड्या भाताची करू, असं विचारायला लागली. मग म्हणाली, “गाठ गेल्यार आवाज मोकळो होतलो मा गो?” बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, डॉक्टर बघतील काकी. ती समाधानाने उठून गेली आणि मी ताट तसंच सारलं. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी, भेटायच्या वेळेला, चाळीतले सात-आठ जण नारळ घेऊन वॉर्डात आले. परेरा सिस्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नारळ फोडायचा नाही या अटीवर सोडलं. खरं तर काय होणार आहे हे जमलेल्या चाळकऱ्यांत अनंत आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं, आणि गाऱ्हाणं घालायची कल्पना कुणाची हे मला आजही माहीत नाही. आमच्या लोकांना ते सुचणारच होतं. नारळ उशाशी ठेवला. काका कॉटवरून उतरून, हॉस्पिटलचा सैल सदरा सावरत हात जोडून उभे राहिले. स्वतःचं काम, तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी अनंतकडे बोट केलं. अनंत नाही म्हणाला. काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, शिकवलंय ना तुला, मग बोल. शेजारच्या कॉटवरचे पेशंटही उठून बसले.

अनंतने सुरुवात चांगली केली. “बा देवा म्हाराजा, आज ह्यो माझो बापूस तुझ्यासमोर हात जोडून उभो असा.” सगळे हळू आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. “उद्या तेच्या गळ्याचा ऑपरेशन असा म्हाराजा.” ‘व्हय म्हाराजा.’ “तेच्या गळ्यातली...” आणि तो थांबला. पुन्हा म्हणाला, “तेच्या गळ्यातली...” पुढचा शब्द सोपा होता. आठवडाभर तो तोच शब्द सगळ्यांना सांगत होता, वडिलांना, आईला, चाळीला. पण हात जोडून उभ्या असलेल्या बापाच्या वतीने देवाला सांगताना तो त्याच्या तोंडून बाहेर पडेना. लोक होकार द्यायला तोंड उघडून उभे. शेवटी तो म्हणाला, घशाला कोरड पडली, आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला तो भेटायची वेळ संपेपर्यंत आला नाही. कुणीतरी वेळ मारून नेली, पोराला बापाची माया आहे, भरून आलं असेल. परेरा सिस्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं. काका कॉटवर बसले आणि नारळाकडे बघत राहिले.

सकाळी त्यांची तयारी करायचं काम माझ्याकडे आलं. गळा आणि छाती भादरायची, पुसून घ्यायची, हिरवा सदरा घालायचा. मी साबणाचा फेस केला. त्यांनी हनुवटी वर केली नाही.

“पडदो ओढ गो जरा.”

मी पडदा ओढला.

“काल अनंत देवासमोर गप झालो. तेका गाऱ्हाणा येता. माझ्यापेक्षा बरा येता. तेका खोटा बोलूचा नव्हता म्हणान गप झालो. काय लपवतत माझ्यापासून?”

मी म्हटलं, मी डॉक्टरांना बोलावते, तुम्ही त्यांना विचारा.

“डॉक्टर गाठ म्हणतत, माझो झील अनंत गाठ म्हणता. मी तुका इचारतंय. माका बोलाक येतला मा?”

लोक मला विचारतात, त्या क्षणी काय वाटलं? मोठं काही वाटलं नाही. वस्तरा माझ्या हातात होता आणि त्यांचा गळा माझ्यासमोर होता, आणि ज्या माणसाला ठाऊक नाही त्याचा गळा मी कापण्यासाठी तयार करते आहे, हे मला करवेना, एवढंच. अनंतचा चेहरा आठवला. परेरा सिस्टरांचं बोलणंही आठवलं. तरी मी म्हटलं, “नाही काका. येणार नाही. कधीच नाही.” आणि एकदा बोलल्यावर अर्धं ठेवलं नाही. आजाराचं नाव सांगितलं. श्वास कुठून घ्यायचा ते बोट ठेवून दाखवलं. ऑपरेशन नाही केलं तर किरणांचे उपचार आहेत, ज्याला वॉर्डात सगळे शेक म्हणतात, पण त्याने जगायची आशा कमी, ऑपरेशनने पुष्कळ जास्त, हे दोनदा सांगितलं. मी त्यांना नको म्हणायला सांगितलं नाही. उलट माझ्या मनात होतं की त्यांनी हो म्हणावं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “हसाक येतला?” मी म्हटलं, हसाल, पण आवाज होणार नाही. त्यांनी मान हलवली आणि टॉवेलने स्वतःच गळ्याचा फेस पुसून टाकला.

पुढे जे झालं ते झालंच. काकांनी डॉक्टरांना सांगितलं, माका ऑपरेशन नको. अनंतने समजावलं, रडला, शेवटी भांडला. काकी तेवढ्यात पेजेचा डबा घेऊन पोचली, आणि तिला खरं कळलं ते या भांडणातून. ती कॉटच्या पायथ्याशी डबा मांडीवर धरून बसली. सगळे काकांकडे बघत होते, मीसुद्धा. डॉक्टर काकांवर चिडले नाहीत. मला कॉरिडॉरमध्ये म्हणाले, “तुम्ही सांगितलंत ना? आता वाचवून दाखवा.” त्यानंतर माझी बदली दुसऱ्या वॉर्डात झाली. परेरा सिस्टरांनी माझ्याविरुद्धची तक्रार मात्र वर जाऊ दिली नाही, का ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

काकांनी शेक घेतला. मानेची कातडी काळी पडली, जेवण जाईना, तरी आवाज राहिला. पुढच्या गणपतीत त्यांनी मजल्याचं गाऱ्हाणं घातलं. आवाज खरखरीत, पण शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढा होता. त्यांनी देवाला आपल्या आजाराचं नाव सांगितलं नाही, कारण स्वतःचं काम. दुसऱ्यांचीच सांगितली, एकेक करून, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची नोकरी. त्या दिवशी मला वाटलं मी बरोबर केलं, आणि मी इतकी खूश झाले की आईच्या हातचे दोन मोदक जास्त खाल्ले. अनंत माझ्या बाजूने गेला, त्याने बघितलं नाही. तो आजतागायत माझ्याशी बोललेला नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात गाठ परत आली. आता स्वरयंत्र काढूनही उपयोग नव्हता. श्वास अडायला लागला म्हणून डॉक्टरांनी गळ्याला छिद्र केलं आणि काकांचा आवाज गेला तो गेलाच. म्हणजे जे टाळण्यासाठी नको म्हणाले तेही झालं, आणि जे मिळालं असतं तेही हातचं गेलं. ते सगळं काकीने काढलं. नळीतला कफ कसा खेचायचा हे मी तिला शिकवलं, ती ते माझ्यापेक्षा नीट करायची. काका पाटीवर लिहून दाखवत, तिला वाचता येत नसे, मग ते हाताने खुणा करत आणि ती खुणा चुकीच्या ओळखून भलतंच काही आणून द्यायची. मग दोघं हसायची. तिचं हसणं भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं. काका गेले ते दिवाळीच्या आधी.

मी पुढे बरीच वर्षं वॉर्डात काढली आणि आता मुलींना शिकवते. पेशंटने विचारलं तर त्याला खरं कळलं पाहिजे, हे मी ठासून शिकवते, आणि तशी वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा तेच सांगेन. परीक्षेत या प्रश्नाला उत्तर आहे आणि त्याला मार्कही आहेत. पण भिवाकाकांची हकीगत मी वर्गात कधी पूर्ण सांगत नाही. गणपतीतल्या गाऱ्हाण्यापर्यंत सांगते आणि थांबते.

काकांचं बारावं-तेरावं आटोपल्यावर एकदा दुपारी मी ड्यूटीवरून आले, तर काकी गॅलरीत गव्हाला ऊन देत बसली होती. मी तिच्याजवळ बसले. बराच वेळ ती खडे निवडत होती. मला वाटलं आता ती मला बोलणार, आणि तिने बोलावं असं मला मनापासून वाटत होतं.

“तुझो राग नाय माका,” ती म्हणाली. “तुया तेका खरा सांगलंस, बरा केलंस. तेना आपल्या आवाजाचा बघल्यान. झिलान आपल्या बापाशीचा बघल्यान. माका कोणी इचारूक नाय. तेनाय नाय, तुयाय नाय.”

तिने परातीतले गहू हाताने सपाट केले.

“माका मुको नवरो चललो असतो गो.”